अंधार झाला, असं कधी म्हणायचं?

सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. काल संध्याकाळी अंधार नेमका कधी झाला?

एकाच आळीत पाच घरी विचारलंत, तर पाच उत्तरं मिळतील. मैदानावरून परतलेला मुलगा म्हणेल, चेंडू दिसेनासा झाला तेव्हा. तांदूळ निवडत बसलेली बाई म्हणेल, खडा दिसेनासा झाला तेव्हा. एखादी आजी म्हणेल, देवापाशी दिवा लावला तेव्हा. आमच्या घरी विचाराल, तर मगरिबची अजान झाली की दिवस संपला. रमजानच्या महिन्यात तर त्या वेळेकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात ती मिनिटासकट छापलेली असते. दुचाकीवरून घरी येणारा सांगेल, समोरच्या गाड्यांचे दिवे लागले तेव्हा. पाचही जण खरंच बोलत असतात.

आपल्या मराठीत या वेळेसाठी शब्दांना तोटा नाही. सांज, तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण, संधिप्रकाश. तिकडे पहाटेला झुंजूमुंजू होतं, तांबडं फुटतं, मग फटफटतं. यातला एकही शब्द दुसऱ्याची जागा घेत नाही आणि एकालाही मोजपट्टी लावलेली नाही. ती लावायची गरजही आजवर कुणाला पडली नव्हती.

आता मात्र ती पडली आहे, आणि तीही सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना. कारण त्यांना हा अंधार एका यंत्राला समजावून सांगायचा आहे. प्रकाश ओळखणारा सेन्सर वापरून ही मुलं प्रोग्रॅम लिहायला शिकतात. त्याविषयी आज बोलायचं आहे. मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुढे कवितेच्या नादाला लागलो. तरीही या विषयावर बोलावंसं वाटलं, कारण त्या वर्गात मी जे पाहिलं, ते मला भाषेच्या तासापेक्षा फार वेगळं वाटलं नाही.

आधी ते यंत्र काय आहे ते सांगतो. २०१६ साली ब्रिटनमध्ये बीबीसीने पुढाकार घेऊन ११-१२ वर्षांच्या मुलांना मायक्रोबिट नावाची छोटी कार्डं फुकट वाटली. ती सुमारे दहा लाख होती. कार्ड हाताच्या तळव्यात मावतं. लांबी पाच सेंटिमीटर, रुंदी चार. त्यावर दोन बटणं आणि पाच ओळींत पाच-पाच असे २५ लाल एलईडी दिवे. संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा, तारेने कार्डात उतरवायचा आणि तार काढून टाकायची. मग दोन छोट्या पेन्सिल सेलवर ते कार्ड स्वतःच्या अकलेने, म्हणजे मुलाने दिलेल्या अकलेने, चालतं. आज ही कार्डं आपल्याकडेही मिळतात.

गंमत अशी, की या कार्डावर प्रकाश ओळखणारा वेगळा भागच नाही. ते काम ते २५ दिवेच करतात. एलईडीमधून वीज वाहिली की तो उजेड देतो. पण क्षणभर त्याची जोडणी उलटी केली आणि त्याच्यावर बाहेरचा उजेड पडू दिला, की त्यात साठवलेला विजेचा अंश हळूहळू निसटतो. उजेड जास्त असेल तर लवकर निसटतो, कमी असेल तर सावकाश. तो वेळ मोजला की उजेड किती आहे याचा अंदाज येतो. दिवा लावणं आणि उजेड मोजणं ही अदलाबदल इतक्या झपाट्याने होते, की आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. शेवटी हाती येतो एक आकडा, शून्य ते २५५ यांमधला. शून्य म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे कार्डाला कळू शकणारा जास्तीत जास्त उजेड.

याहून स्वस्त साधन म्हणजे एलडीआर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात काही रुपयांना मिळतो. हरभऱ्याएवढी चकती आणि तिच्यावर नागमोडी रेघ. ही रेघ बहुधा कॅडमियम सल्फाइड या पदार्थाची असते. अंधारात तो विजेला अडवून धरतो, उजेडात वाट मोकळी करून देतो. हा गुण जगाला कळला तोही योगायोगाने. १८७३ साली विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबल तपासत होता. त्यासाठी तो सेलेनियमच्या कांड्या वापरत असे. त्यांचं मोजमाप दर वेळी वेगळं येई. शोध घेता घेता लक्षात आलं, की पेटीचं झाकण उघडलं, उजेड आत गेला, की सेलेनियममधून वीज जास्त सहज वाहते. त्रास देणाऱ्या चुकीचा पिच्छा पुरवला आणि नवी गोष्ट सापडली.

आता मी पाहिलेल्या वर्गाकडे वळतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली प्रकाशाविषयीचा आपला शोध जाहीर केला तो हा दिवस. एका तालुक्याच्या गावातल्या शाळेने दोन्ही दिवस एकत्र साजरे करायचं ठरवलं आणि कवी म्हणून मला बोलावलं. माझं बोलणं संपल्यावर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "सर, आता आमच्या प्रयोगशाळेत चला. मुलं एका शब्दावर अडली आहेत."

सातवीची मुलं होती. सहा गट, प्रत्येकापुढे एक कार्ड. फळ्यावर बाईंनी मराठीत लिहिलं होतं:

कायम करत राहा. जर उजेड ___ पेक्षा कमी असेल, तर दिवा लाव. नाहीतर दिवा बंद कर.

संपूर्ण प्रोग्रॅम एवढाच. जर, तर, नाहीतर. मराठीचं व्याकरण शिकवताना आपण ज्याला संकेतार्थी वाक्य म्हणतो, तेच हे. पण बाईंनी मधली जागा रिकामी सोडली होती. तिथे कोणता आकडा घालायचा, हे त्या सांगत नव्हत्या. मुलं विचारत होती, "बाई, बरोबर उत्तर किती?" आणि बाई म्हणत होत्या, "अंधार झाला असं तुम्ही कधी म्हणाल? ते ठरवा आणि लिहा."

मुलं आधी गडबडली. शाळेत बहुतेक प्रश्नांचं उत्तर मार्गदर्शकात मागच्या पानावर असतं. या प्रश्नाचं नव्हतं. खिडकीजवळच्या गटाने ६० लिहिले. कोपऱ्यातल्या गटाने १५. मग बाईंनी दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. खिडकीवाल्यांचं कार्ड कोपऱ्यात जाताच सकाळी अकरा वाजता दिवा लावून बसलं. कोपऱ्यातल्यांचं कार्ड खिडकीत नेलं, वर एका मुलाने दोन्ही हातांची ओंजळ धरली, तरी ते दिवा लावायला तयार होईना. एकच भांडण जुंपलं. आमचा आकडा बरोबर, तुमचा चूक.

बाईंनी भांडण सोडवलं नाही. "मोजून या," म्हणाल्या. मुलं कार्डं घेऊन शाळाभर पांगली. अंगणात २५५, तिथे आकडा पुढे सरकेचना. खिडकीशी १२०. वर्गाच्या मध्यावर ६४. कोपऱ्यात ३५. बाकाखाली १८. बंद डब्यात शून्य. फळ्यावर तक्ता तयार झाला. मग बाई माझ्याकडे वळल्या, "सर, या आकड्यांपुढे शब्द लिहायचे आहेत. तिथे आम्ही अडलो." आम्ही सगळ्यांनी मिळून ते लिहिले. लख्ख. स्वच्छ. मंद. अंधुक. मिट्ट काळोख. दोन मुलांनी घरात बोलतात तसं ‘अंधारलेलं’ सुचवलं, तेही घेतलं. ‘अंधुक’ ३५ ला लावायचा की १८ ला, यावर दहा मिनिटं वाद झाला. एका शब्दाच्या अर्थासाठी सातवीची मुलं इतकी हिरिरीने भांडताना मी तरी प्रथमच पाहिली.

अखेर सर्वानुमते २० हा आकडा ठरला. वीसच्या खाली गेलं की अंधार. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, वीस ठेवले तर आमच्या घरी दिवा दिवसापण बंद होणार नाही."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुला कसं माहीत?" ती म्हणाली, "बाकाखाली आहे ना, तसंच आहे आमच्याकडे."

शाळेच्या वस्तू घरी द्यायच्या म्हणजे काय असतं, ते शिक्षकांना ठाऊक आहे. प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. हरवली तर भरून देणं आलं. म्हणूनच कित्येक शाळांत ही साधनं कपाटात कुलूपबंद राहतात आणि तपासणीच्या दिवशी बाहेर येतात. या बाईंनी रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावाने सही केली आणि शनिवारी कार्ड, सेलची डबी आणि एक वही त्या मुलीच्या हाती दिली. सोमवारी मला फोन करून तिची नोंद वाचून दाखवली. दुपारी बारा वाजता दारात ९०. चुलीपाशी १४. मी अभ्यासाला बसते तिथे ९.

पत्र्याचं घर, एक दार, खिडकी नाही. गावोगाव अशी घरं आहेत. आपण ती रोज पाहतो. पण भरदुपारी तिथे बाकाखालच्यापेक्षाही कमी उजेड असतो, हे त्या घरात राहणाऱ्यांनाही आकड्यात दिसलं नव्हतं. याचं कारण आपला डोळा. भरदुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. लक्स हे उजेड मोजायचं एकक. इतक्या प्रचंड फरकातही डोळा दोन्हीकडे काम चालवून घेतो. बाहुली मोठी होते, पडद्याची संवेदना वाढते, आणि थोड्या वेळाने अंधाऱ्या खोलीतही ‘दिसतंय की’ असं वाटू लागतं. वर्गात बाकावर साधारण ३०० लक्स तरी उजेड असावा, असं तज्ज्ञ सांगतात. पण डोळा तक्रार करत नाही, आणि माणूसही करत नाही. डोळ्याला सवय होते, तशी मनालाही होते.

यंत्राला सवय नसते. त्याने ९ मोजले, म्हणजे ९ सांगितले. मायक्रोबिटचा आकडा लक्समध्ये नसतो. दोन कार्डंही तंतोतंत सारखा आकडा देतीलच असं नाही. एका कार्डाने दोन जागांची तुलना तेवढी करता येते. पण तेवढीही पुरे होती. त्या मुलीला आपल्या घराविषयी एक गोष्ट कळली, जी तिने सोसली होती पण सांगितली नव्हती. आणि बाईंना कळलं, की ही मुलगी गृहपाठाचं अक्षर वाकडं का काढते.

पुढची गोष्ट लहानशीच आहे. बाईंनी तक्ता भिंतीवर लावला, नावाशिवाय, नुसते घर क्रमांक घालून. आणखी मुलांनी आपापल्या घरचे आकडे आणले. महिन्याभराने त्या मुलीच्या वडिलांनी छपराचा एक पत्रा काढून तिथे फायबरचा पारदर्शक पत्रा बसवला. अभ्यासाच्या जागेचा आकडा दुपारी ९ वरून ५२ वर गेला. पावसाळ्यात तिथून थोडं गळतं, असंही बाईंनी सांगितलं. त्याखाली आता बादली ठेवतात.

मित्रहो, कोडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या पगाराची नोकरी येते. जाहिराती तेच सांगतात. पण इथे काय घडलं पाहा. मुलीने कुठलंही ॲप बनवलं नाही. तिने एका वाक्यातल्या रिकाम्या जागेबद्दल प्रश्न विचारला. ‘हा आकडा तुम्ही तुमच्या खोलीत बसून ठरवलात, माझ्या खोलीत तो चालणार नाही’, एवढंच ती म्हणाली. माझ्या मते प्रोग्रॅमिंगचा सगळ्यात मोठा धडा हाच आहे. मोजणं यंत्राचं काम. सीमारेषा आखणं माणसाचं. आणि ती कुणी, कुठे बसून आखली, हे विचारता आलं पाहिजे.

हा प्रश्न शाळेपुरता नाही. कोविडच्या साथीत आपण सगळ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पाहिला. त्याच्यात तरी काय असतं? एका बाजूला दिवे, दुसऱ्या बाजूला प्रकाशाचा सेन्सर, आणि मध्ये आपलं बोट. बोटातून पार होणाऱ्या उजेडावरून रक्तातला ऑक्सिजन किती, हे त्यातला प्रोग्रॅम ठरवतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांचा कमी झालेला ऑक्सिजन या यंत्राच्या नजरेतून जवळजवळ तिप्पट वेळा निसटत होता. कातडीचा रंग उजेड शोषतो, आणि यंत्राचं गणित बसवताना सगळ्या रंगांची बोटं पुरेशी तपासली गेली नव्हती. खिडकीजवळच्या गटाने ठरवलेला आकडा कोपऱ्यातल्यांना लागू केला, की काय होतं त्याचं हे मोठं रूप. तिथे दिवा लागण्या-विझण्याचा प्रश्न नव्हता, जिवाचा होता.

वर्गात त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. एका गटाने दिवा आणि सेन्सर अगदी जवळजवळ लावले. अंधार झाला, दिवा लागला. त्याचाच उजेड सेन्सरवर पडला. सेन्सरला वाटलं दिवस उगवला, दिवा विझला. विझताच पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. नुसती फडफड. मुलांनी आधी सेल बदलले, मग तारा हलवल्या. शेवटी एकाच्या लक्षात आलं, की दिवा स्वतःलाच बघतोय. उपाय दोन निघाले. एक म्हणजे मध्ये पुठ्ठा लावणं. दुसरा अधिक हुशारीचा होता. एकाच्या ऐवजी दोन आकडे घ्यायचे. वीसच्या खाली गेलं तर लाव, पण चाळीसच्या वर गेल्याशिवाय विझवू नकोस. मधल्या पट्ट्यात आहे तसं राहू दे. संध्याकाळी एखादा ढग आला-गेला तरी दिवा मग चळत नाही. आपल्या भाषेने दिवस आणि रात्र यांच्यामध्ये संधिकाल नावाची जागा ठेवली आहे. या मुलांना ती जागा यंत्रातही ठेवावी लागली.

रस्त्यावरचे दिवे भरदुपारी जळताना आपण पाहतो आणि नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडतो. दर वेळी कारण एकच असेल असं नाही. पण सेन्सरच्या काचेवर धूळ साचली किंवा पक्ष्याने घाण केली, तरी त्याच्या लेखी कायमची रात्र होते. वर्गातल्या एका मुलाने सेन्सरवर खडूची पूड टाकून हे दाखवून दिलं. तो म्हणाला, "यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याच्या डोळ्यात काही गेलं असेल तर?" असा मुलगा उद्या टीव्हीवरचा एखादा आकडा ऐकेल, तेव्हा तो आला कुठून, हेही विचारील.

आणि उजेड ओळखणारे काय फक्त यंत्रातच असतात? अंगणातली गुलबक्षी उन्हं उतरल्यावर उमलते. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात. मुलांना वाटतं, झाडाला अंधार कळला. पण १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड दिवसरात्र अंधारात ठेवून पाहिलं. उजेड नसतानाही त्याची पानं सकाळी उघडत होती आणि संध्याकाळी मिटत होती. म्हणजे झाडाच्या आत एक घड्याळही आहे. हा प्रयोग कुठल्याही शाळेत एक कुंडी आणि एक खोकं यांत होतो. एक पैसा लागत नाही. आणि त्यातून मुलं शिकतात, की ‘जर अंधार, तर पान मिटलं’ हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. तपासल्याशिवाय ते खरं मानायचं नाही.

तपासल्याशिवाय मानायचं नाही, ही शिकवण प्रकाशाच्या अभ्यासात फार जुनी आहे. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमने अंधाऱ्या खोलीत, बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडावर प्रयोग केले. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसतं, असं तोवर अनेक मोठे विद्वान मानत. त्याने दाखवलं, की उजेड वस्तूकडून डोळ्याकडे येतो. प्रोग्रॅमच्या पायऱ्यांना आज आपण अल्गोरिदम म्हणतो, तो शब्दही नवव्या शतकात बगदादमध्ये राहिलेल्या अल-ख्वारिझ्मी या गणितीच्या नावावरून आला. म्हणजे सातवीच्या त्या वर्गात एक जुनाच वारसा नव्या साधनांनी चालू होता.

मुलांच्या हाती संगणक देण्याची कल्पनाही आजची नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पेपर्ट यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाने मुलाला घडवण्यापेक्षा मुलाने संगणकाला शिकवावं. शिकवताना मुलाला स्वतःचा विचार स्पष्ट करावा लागतो. आणि प्रोग्रॅम चालला नाही, तर ती नापासाची लाल खूण नसते; कुठे अडलं ते शोधून पुढे जायचं असतं. तसं पाहिलं तर आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला १९८३ साली डॉ. कलबाग यांनी सुरू केलेला विज्ञान आश्रमही हाताने करता करता शिकणं हेच सांगत आला आहे.

सरकारनेही या दिशेने पावलं टाकली आहेत. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. निवड झालेल्या शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा समावेश करायचं ठरलं. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण खोली उभी राहिली म्हणजे शिक्षण सुरू झालं, असं होत नाही. तयार प्रोग्रॅम पडद्यावरून उतरवून घ्यायचा, पाहुण्यांसमोर दिवा लावून दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि कपाटाला कुलूप लावायचं, असं झालं तर ती फक्त महागडी पाठांतराची खोली होईल.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं तीन गोष्टींचं सांगणं आहे. पहिली, साधन नाही म्हणून अडून बसू नका. संगणकाशिवायही एक एलडीआर, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक दिवा आणि सेल यांवर अंधारात लागणारा दिवा करता येतो. दुसरी, मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. संगणकाच्या आज्ञा इंग्रजीत असतील तर असू देत. पण ‘जर’ म्हणजे काय आणि ‘नाहीतर’ म्हणजे काय, हे मूल ज्या भाषेत भांडतं त्याच भाषेत त्याला नीट कळतं. इंग्रजी चार शब्द पाठ व्हायला आठवडा पुरतो. विचार मात्र पाठ करता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आकडा तुम्ही सांगू नका. वाक्यातली ती जागा रिकामी ठेवा. मुलांना चुकीचे आकडे घालू द्या, एकमेकांशी वाद घालू द्या, मोजायला बाहेर पाठवा. आणि शक्य असेल तेव्हा ते साधन एका रात्रीसाठी त्यांच्या घरी जाऊ द्या, रजिस्टरमध्ये सही करावी लागली तरी. कारण शाळेतला अंधार सगळ्यांचा सारखा असतो. घरचा तसा नसतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)